क्षमा केली, मग भरपाई का मागायची?



“माफ तं केलं फादर त्याले, आता कोर्टात कायले जावं?” रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या घरी भेटीला गेलो की हा प्रश्न पुष्कळदा ऐकायला मिळतो. विचारणारा मनापासून विचारतो. प्रभूने क्षमा करायला शिकवले. मग क्षमा केल्यावर पैसे मागणे म्हणजे दिलेली क्षमा परत घेणेच नाही का, असे त्याला वाटते. शिवाय गाव काय म्हणेल ही भीती असतेच. पाय मोडला आणि पैसे मोजून घेतले, असे बोलणारी तोंडे प्रत्येक गावात आहेत.

हा प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

क्षमेने मनातला राग जातो. ज्याने धडक दिली त्याचे वाईट होवो ही इच्छा आपण सोडून देतो. पण मांडीत बसवलेली सळई, बुडालेली मजुरी, दवाखान्यासाठी गहाण टाकलेले दागिने, या गोष्टी क्षमेनंतरही जिथल्या तिथेच असतात. राग सोडणे वेगळे आणि येणे सोडणे वेगळे. येणेही सोडता येते, त्याला उदारपणा म्हणतात. मात्र ते येणे आपले एकट्याचे असले पाहिजे. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला तर नुकसान त्याच्या एकट्याचे होत नाही. मुलीची फी, म्हाताऱ्या आईचे औषध, बायकोने त्याच्यासाठी सोडलेली कामावरची हजेरी, हे सगळे त्यात येते. मुलांच्या ताटातले उचलून दान करणारा बाप उदार ठरत नाही.

निर्गमाच्या २१ व्या अध्यायात एक नियम आहे. भांडणात कोणी दुसऱ्याला मारले, तो अंथरुणाला खिळला आणि पुढे काठी टेकत का होईना हिंडू-फिरू लागला, तर मारणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यावी आणि त्याला पुरता बरा करावा. म्हणजे उपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई! आजही जखमी माणसाच्या अर्जात हेच दोन आकडे अगोदर मांडले जातात. त्याच अध्यायात मारक्या बैलाची गोष्ट आहे. बैल मारका आहे हे सांगूनही धन्याने त्याला आवरले नाही, तर दोष धन्यावर येतो. ब्रेक लागत नाहीत हे ठाऊक असूनही गाडी रस्त्यावर काढणाऱ्या मालकाने हा अध्याय जरूर वाचावा.

कोणी संत पौलाचा दाखला देईल. बंधूने बंधूवर फिर्याद करावी याबद्दल त्याने करिंथकरांना खडसावले, हे खरे. पण हाच पौल फिलिप्पैच्या तुरुंगातून गुपचूप निघून जायला तयार झाला नाही. रोमन नागरिकाला चौकशीवाचून फटके मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावले. पुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. हक्क मागणे म्हणजे सूड घेणे, असे त्याला वाटत नव्हते.

नुकसान करणाऱ्याने ते भरून देऊन बिघडलेला तोल पुन्हा साधावा, हा न्यायाचा एक स्वतंत्र प्रकार ॲरिस्टॉटलने मांडला. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात तो आणखी पुढे नेला. तोडलेला अवयव तर परत देता येत नाही, मग परतफेड कशी करायची, असा प्रश्न त्यांनी घेतला आहे. त्यांचे उत्तर असे की, जसे शक्य असेल तसे द्यावे, पैशाच्या किंवा मानाच्या रूपाने. आणि किती द्यायचे ते दोघांचीही परिस्थिती पाहून एखाद्या सज्जनाने ठरवावे. यातल्या ‘दोघांचीही परिस्थिती’ या शब्दांकडे आपण शेवटी येणार आहोत.

आता आपल्या बाजूची एक घटना. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ जण गेले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख रुपये जाहीर केले. चांगलेच केले. पण ही मदत म्हणजे सानुग्रह अनुदान, शब्दातच अनुग्रह आहे. ती सरकारने दिली तर दिली. किती द्यायची तेही सरकारच ठरवणार. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवते ती हक्काची असते, आणि ती ‘न्याय्य’ असावी असे कलम १६८ सांगते. पहिली मिळाली म्हणून दुसरी मागण्याचा हक्क संपत नाही. आपल्या लोकांना पहिली घेताना संकोच वाटत नाही आणि दुसरी मागताना वाटतो, हे मला नेहमी उलटे वाटते. हक्काचे मागताना मान खाली घालायचे काय कारण?

बहुतेक दावे बुडतात ते दवाखान्याच्या व्हरांड्यात, पहिल्याच रात्री. गाडीमालक येतो, सोबत गावातले दोन वजनदार लोक. “आपसात मिटवू, पोलिसांत कशाला?” पंधरा-वीस हजार हातावर ठेवले जातात. जखमीची शुद्ध हरपलेली, बायको रडत असते, कागदावर अंगठा उमटतो. महिन्याभराने दुसरे ऑपरेशन निघते तेव्हा मालक फोन उचलत नाही. याला समेट म्हणू नका. एक बाजू शुद्धीवर नसताना समेट होत नसतो. पोलिसांत नोंद करणे म्हणजे कोणावर सूड उगवणे नव्हे. नोंदच नसेल तर पुढे अपघात सिद्ध करणे फार जड जाते. नोंद उशिरा झाली एवढ्याच कारणाने दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे, तरी त्या भरवशावर राहू नये. दावा दाखल करण्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. अपघात पुण्याकडे झाला तरी आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर त्याच तारखेपासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची वेगळी योजना आहे. तिचा अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो.

रक्कम कशी ठरते हे पाहिले की विचारी माणूस अस्वस्थ होतो. २०११ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने डाव्या हाताचे उदाहरण दिले. हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते; म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यावरचे टक्के आणि कमाईतली घट एकच समजू नये. हे गरिबाच्या बाजूचे शहाणपण आहे. पण पुढचा हिशेब पाहा. २८ वर्षांच्या जखमीसाठी वार्षिक नुकसानीला १७ ने गुणतात. दोघांची कमाई निम्म्याने घटली असे धरू. महिना १० हजार मिळवणाऱ्याचे दहा लाख वीस हजार होतात, ५० हजार मिळवणाऱ्याचे ५१ लाख. वय तेच, जखमही तीच. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते, असे कांट म्हणाला आणि आपली श्रद्धाही तेच सांगते. मग हे काय? भरपाई हातापायाची नसून त्यांनी आणलेल्या भाकरीची आहे, असे उत्तर देता येते आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. तरी माझे पुरते समाधान होत नाही. ज्याला आयुष्यभर कमी मजुरी मिळाली त्याला अपघातानंतरही कमीच मिळते. आधीचा अन्याय गुणाकारात शिरतो.

घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे अधिकच दिसते. तिचे उत्पन्न काय, या रकान्यात वर्षानुवर्षे जवळजवळ शून्य लिहिले गेले. २००१ च्या जनगणनेने घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी आणि कैद्यांच्या पंक्तीला बसवले होते, यावर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीव्र नापसंती दाखवली. तिच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे हे आज न्यायालये मान्य करतात. म्हणून अर्ज भरताना ‘काही करत नाही, घरीच असते’ असे लिहू नका. हे मी विशेषतः नवऱ्यांना सांगतो.

भरपाई न्यायाची आहे म्हटले की एक जबाबदारीही आपसूक येते. न्यायाचे माप अचूक असावे लागते. पळून गेलेल्या गाडीऐवजी विमा असलेल्या ओळखीच्या गाडीचा नंबर घालणे, लंगडणे वाढवून दाखवणे, पैसे मोजून टक्के वाढवून घेणे, ही चोरी आहे. कंपनी मोठी आहे म्हणून तिचे पाप लागत नाही असे नाही. तो पैसा हप्ते भरणाऱ्या हजारो लोकांचा आहे. शिवाय खोट्या दाव्यांमुळे खऱ्या जखमीकडेही संशयाने पाहिले जाते. आकडा फुगवण्याची गरजही नाही. मागितल्यापेक्षा जास्त रक्कम न्याय्य वाटली तर न्यायाधिकरण ती देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच ठरवून दिले आहे. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून घेणे वकिलांच्या नियमांत बसत नाही, हेही ठाऊक असू द्या. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

राहिला सर्वांत कठीण प्रश्न. ‘त्या गरीब ड्रायव्हरच्या पोटावर पाय कशाला?’ गाडीचा विमा असेल तर हा प्रश्न बहुधा उरत नाही, पैसे कंपनी देते आणि त्याचसाठी तिने हप्ता घेतलेला असतो. पण विमाच नसेल तर? सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो; सहाव्या वर्षी तो पुन्हा काढायचे अनेकांच्या ध्यानातही राहत नाही. शेतीसाठी विमा काढलेल्या ट्रॉलीत निंदणाच्या बाया बसवून नेल्या आणि ती उलटली, तर कंपनी बहुधा हरकत घेते. अशा वेळी समोर उभा राहतो तो दोन एकरांचा मालक, आपल्याच गावचा, कदाचित आपल्याच मंदिरातला.

इथे मला अक्विनासांचे ते ‘दोघांचीही परिस्थिती’ आठवते, आणि पौलाचे करिंथकरांना सांगणेही इथेच खरे लागू पडते. तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही काय, असे त्याने विचारले होते. येणे मान्य करून घ्यावे, रक्कम कागदावर यावी, आणि लोकअदालतीत तडजोड करून वर्षावर्षाचे हप्ते ठरावेत. सोयाबीन विकल्यावर एक, तूर विकल्यावर एक. थोडी रक्कम सोडायची की नाही हे जखमीने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवावे. ‘तू ख्रिस्ती आहेस, सोडून दे’ असे बाहेरून सांगण्याचा अधिकार मलाही नाही आणि पंचांनाही नाही. बैठक बसलीच तर जखमीच्या बायकोला बाहेर चहा करायला ठेवू नका, सतरंजीवर बसवा. केवढ्या हप्त्यात घर चालेल हे तिलाच ठाऊक असते.