चोवीस गुरू आणि माझी फवारणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी काही कीर्तनकार नाही की शास्त्री नाही. बँकेत कारकून होतो. आकडे मांडता येतात, तेवढ्यावरच हे चार शब्द लिहितोय.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. पारायणात आपण ती यादी ऐकतो आणि मान डोलावतो. पण कधी मोजलंय का, त्यात पशू-पक्षी-कीटक किती? कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, साप, कोळी... जवळजवळ निम्मे! आणि पहिला गुरू कोण? पृथ्वी.

आता माझी कबुली. निवृत्तीनंतर कृष्णाकाठची वडिलोपार्जित दोन एकर स्वतः करायला घेतली. तूर फुलावर आली होती. अळीच्या भीतीने, दुकानदाराने दिलं ते औषध ऐन सकाळी फवारलं. शेजारच्याने फवारलं म्हणून मीही. अळी किती आहे हे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बांधावरच्या औदुंबराला पाणी घालायला गेलो, तर खाली मधमाश्या मरून पडलेल्या. काही अजून पाय हलवत होत्या. माझा गुरुचरित्राचा सप्ताह चालू होता. घरी आलो, पोथी उघडली, पण वाचवेना. ज्या माशीला दत्तप्रभूंनी गुरू म्हटलं, तिला मी विष पाजलं होतं.

मग कारकुनी डोक्याने हिशेब मांडला. औषध, मजुरी, युरिया हे सगळं खर्चात होतं. माश्या, गांडुळं, पाखरं कुठल्याच रकान्यात नव्हती. म्हणजे ताळेबंदच खोटा! आणि युरिया कशाला? तूर तर मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र स्वतः मिळवते. ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर नत्र असतो. पिकाने न घेतलेला पावसाबरोबर विहिरीत, ओढ्यात, नदीत जातो. त्याने शेवाळ माजतं, ते कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे तडफडतात. त्याच कृष्णेत स्नान करून आपण वाडीला पादुकांचं दर्शन घेतो.

पुढच्या वर्षी माती तपासून घेतली, तुरीचा युरिया बंद केला. एकरी दोन कामगंध सापळे लावले. पाखरांना बसायला काठ्यांचे थांबे रोवले. कोतवाल आणि साळुंक्या येऊन अळ्या टिपू लागल्या. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरला. अळी फारच वाढली तेव्हा एकदाच औषध मारलं, तेही माश्या घरी गेल्यावर, सूर्य मावळताना. उतारा थोडा कमी आला, खोटं कशाला सांगू? पण खर्च त्याहून जास्त कमी झाला.

कुणी म्हणेल, पेन्शनवाल्याला बोलायला काय जातंय! खरं आहे. पीककर्जाचे कागद मी आयुष्यभर हाताळलेत; ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला 'सगळं सोड' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण फुलोऱ्यात सकाळी फवारू नये, आधी अळी मोजावी, माती तपासूनच खत घालावं, याला कर्ज आड येत नाही.

आणखी एक. ज्या औदुंबराखाली दत्तप्रभूंचा वास मानतो, त्याचं फुल फळाच्या आत असतं. इवलीशी माशी आत शिरते तेव्हाच त्याला बी धरतं. ती संपली तर औदुंबराचं बी कुठून यायचं? आणि बांधावर कोणतं झाड उभं राहायचं?

म्हणून या जयंतीला पाळणा म्हणताना मनाशी एक नेम धरू या. सुंठवड्याबरोबर तोही घरी नेऊ या. यंदा माझ्या औदुंबराच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आली आहे, शेतातल्या उंदरांचा समाचार घ्यायला. मी विषाची गोळी टाकायची बंद केलीय. उंदीर पिंगळ्याच्या पोटात जातो, तसं विषही जातं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!