आजचं चिंतन : गीता, अध्याय 6, श्लोक 17

आहार, विहार, कर्म, झोप, जागरण. भगवंत सगळ्यांना एकच शब्द लावतात : युक्त. म्हणजे मापात. पूर्वी मला हा श्लोक डाएट चार्टच वाटायचा (खरंच!). टाइप 1 डायबिटीस घेऊन पोहायला शिकवू लागले, तेव्हा कुठे तो उमगला.

पाण्यात उतरण्याआधी शुगर तपासायची. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. काल मुलं उतावीळ, आणि मीटरवर 64. 'चालतंय गं' असं आतून कोण म्हणालं? अहंकारच. पोर माझ्या हातावर तरंगतंय आणि हातच थरथरला तर?

सहकाऱ्याला खरं सांगितलं, काठावर बसले. मनात विठ्ठल विठ्ठल. दुसऱ्यांदा 118. मग उतरले.