पगार इथला, हिशेब विलायतेचा

ब्रिटिश अंमल समजून घ्यायचा म्हणून आपण राणीचा जाहीरनामा वाचतो, टिळकांचे खटले वाचतो, गोळीबारांच्या चौकशीचे अहवाल वाचतो. सरकारी नोकरीचे नियम सहसा कुणी वाचत नाही. रजा किती, भत्ता कोणाला, पेन्शन कोणत्या नाण्यात, असल्या कलमांत वाचण्यासारखे काय असणार, असे वाटते. पण हिंदुस्थानात आलेला गोरा पोलीस अधिकारी तीस वर्षे इथे राहूनही इथला का झाला नाही, याचे उत्तर मला त्याच्या स्वभावापेक्षा या कलमांत अधिक सापडते. त्याचे परकेपण कागदावर ठरवलेले होते आणि त्याची किंमत दरमहा इथल्या तिजोरीतून चुकती होत होती.

१८९३ साली पोलिसातल्या वरच्या जागांसाठी लंडनमध्ये पहिली स्पर्धा परीक्षा झाली. वयाची विशी गाठत असलेली मुले तिला बसत. उमेदवार युरोपीय वंशाचा असला पाहिजे, ही अट होती. मुलकी सेवेची परीक्षा निदान कागदावर तरी हिंदी माणसाला खुली होती, आणि लंडनचा खर्च झेपला तर सत्येंद्रनाथ टागोरांसारखा एखादा तिथे पोचत होता. पोलिसात तीही फट ठेवलेली नव्हती. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने हीच व्यवस्था पक्की केली आणि हिंदी माणसांसाठी खालच्या पायरीवर उपअधीक्षकाची जागा निर्माण केली. वरचे दार उघडायला १९२० नंतरचा काळ उजाडावा लागला.

त्याच १८९३ सालातली दुसरी गोष्ट हुंडणावळीची. चांदी घसरली, तसा रुपयाही घसरला. बाजारात तो सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. घरी पैसे पाठवणाऱ्या गोऱ्या नोकरांना याची झळ लागली, म्हणून सरकारने हुंडणावळीचा खास भत्ता सुरू केला. पगाराचा निम्मा भाग, ठरावीक मर्यादेपर्यंत, दीड शिलिंगाच्या दराने धरायचा आणि फरक सरकारने भरून द्यायचा. ज्यांचा कायमचा अधिवास हिंदुस्थानात नाही, अशा युरोपीय व युरेशियन नोकरांना तो मिळे. रुपया घसरल्याचा ताप इथल्या रयतेलाही होताच, कारण लंडनला पौंडांत भरायची रक्कम तिच्याच साऱ्यातून जात होती. म्हणजे त्याच घसरणीचा भार तिने दोनदा उचलला. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या भत्त्यावर नेमके बोट ठेवले. परक्या नोकरशाहीचा खर्च हा त्यांच्या तक्रारीचा अर्धाच भाग होता. सगळ्या वरच्या जागा परक्यांच्या हाती राहिल्याने इथल्या माणसाची वाढच खुंटते, हा उरलेला अर्धा भाग त्यांना अधिक जिव्हारी लागलेला दिसतो. गोखल्यांना मवाळ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ती साक्ष एकदा सबंध वाचावी.

रजेच्या नियमांत हा भेद आणखी उघडा होता. सरकारी नियमावलीत युरोपीय सेवांचे रजेचे नियम वेगळे आणि हिंदी सेवांचे वेगळे. १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांनीही ही दुहेरी वाट बुजवली नाही. ज्याचा अधिवास आशियाबाहेरचा, त्याला रजेचे विशेष नियम. इतरांना साधारण नियम. अधिकारी कोणते काम करतो, किती दंगली त्याने हाताळल्या, किती दरोडे उघडकीला आणले, याच्याशी या भेदाचा काही संबंध नव्हता. माणूस शेवटी जाणार कुठे, एवढेच पाहिले जाई.

असे नियम माणूस घडवतात. ज्याची बचत पौंडांत, मुलांच्या शाळा इंग्लंडात, पेन्शन लंडनला आणि रजेचा हिशेब बोटीच्या तारखांवर, त्याच्यासाठी सातारा किंवा धारवाड हा बदलीचा मुक्काम होता. भाषेची परीक्षा त्याला द्यावी लागे आणि तो ती देईही. पण भाषा येणे आणि त्या भाषेतल्या माणसांचे आपल्याविषयीचे मत महत्त्वाचे वाटणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते कापायला लावणारे एकही कलम त्या नियमावलीत नव्हते. त्याच्या गोपनीय शेऱ्यावर, बढतीवर, निवृत्तीवर जिल्ह्यातल्या कुणा माणसाचा शब्द चालत नव्हता.

याला उलटे उदाहरण मुंबईचेच आहे. चार्ल्स फोर्जेट हा हिंदुस्थानातच वाढलेला माणूस. १८५५ ते १८६३ या काळात मुंबई शहराच्या पोलिसांची सूत्रे त्याच्याकडे होती. इथल्या भाषा त्याला घरच्यासारख्या येत आणि वेष पालटून तो वस्त्यांत हिंडे. १८५७ साली पलटणीतल्या शिपायांचा कट त्याला कळला तो या जवळिकीमुळेच. १५ ऑक्टोबर १८५७ ला दोन शिपायांना मुंबईच्या मैदानात तोफेच्या तोंडी दिले गेले. तेव्हा इथे रुजलेला अधिकारी दयाळूच असतो असे मी म्हणणार नाही. फोर्जेटची जवळीक राज्याच्या कामी आली आणि दोन माणसांच्या जिवावर बेतली. पण पोलिसाच्या कामाला कसला माणूस लागतो, हे सरकारला त्याच्यामुळे पुरते कळले होते. कळूनही पुढच्या अटी त्याच्या नेमक्या उलट दिशेने लिहिल्या गेल्या. कामाच्या गुणवत्तेपेक्षा अधिकाऱ्याचे नाते कुठे बांधलेले आहे, याची राज्याला अधिक काळजी होती.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर ही काळजी पराकोटीला गेली. हिंदी मंत्र्यांच्या हाताखाली काम करायचे नसेल, त्या गोऱ्या अधिकाऱ्याला मुदतीआधी, झालेल्या नोकरीच्या प्रमाणात पेन्शन घेऊन जाण्याची मुभा मिळाली. काही वर्षांतच अखिल भारतीय सेवांतल्या तीनशेहून अधिक अधिकाऱ्यांनी ती घेतली. मग उरलेल्यांना राखायचे कसे, हा प्रश्न लॉर्ड ली यांच्या आयोगापुढे आला. १९२४ च्या त्यांच्या अहवालात अधिकाऱ्याला आणि त्याच्या पत्नीला नोकरीच्या काळात चार वेळा विलायतेला जाण्यायेण्याचे जहाजभाडे, मुलांना एकेरी भाडे, वाढीव परदेश भत्ता, आणि आजारपणात गोऱ्या डॉक्टरकडून उपचार घेण्याचा हक्क, असे सगळे आले. हिंदीकरणाचा वेगही आयोगाने ठरवून दिला. मुलकी सेवेत निम्मे हिंदी अधिकारी व्हायला पंधरा वर्षे आणि पोलिसात पंचवीस.

सप्टेंबर १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मोतीलाल नेहरूंच्या दुरुस्तीने या शिफारशी फेटाळल्या गेल्या. त्याने फरक पडला नाही. लंडनमधल्या भारतमंत्र्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे पगार व पेन्शने कायदेमंडळाच्या मतदानाच्या कक्षेबाहेर ठेवलेली होती. कर बसवताना निवडून आलेल्यांचे मत घ्यायचे आणि त्या करातून पोलीस अधिकाऱ्याला काय द्यायचे हे मात्र त्यांना विचारायचे नाही, या तरतुदीइतकी उद्दाम गोष्ट मला त्या सगळ्या कायद्यात दुसरी दिसत नाही.

तिचा परिणाम १९३७ साली मुंबई इलाख्याने अनुभवला. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, कन्हैयालाल मुन्शी गृहमंत्री झाले. कालपर्यंत ज्यांच्यावर पोलिसांनी पाळत ठेवली, त्यांच्याकडे पोलीस खाते आले. पण खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्यांची नेमणूक भारतमंत्र्यांची, बडतर्फीचा अधिकारही त्यांचाच, आणि मंत्र्याच्या हुकुमाने आपले नुकसान झाले असे वाटले तर अधिकाऱ्याला गव्हर्नरकडे दाद मागायची सोय. गुप्त खबरींचे स्रोत मंत्र्याला न सांगण्याची तरतूदही १९३५ च्या कायद्यात होती. गृहमंत्री जनतेला उत्तरदायी होता आणि त्याचा अधीक्षक लंडनला.

या अटींनी अधिकाऱ्यालाही मोकळे सोडले नाही. मोतिहारीत जन्मलेला एरिक ब्लेअर १९२२ साली परीक्षा देऊन, तेव्हा हिंदुस्थानचाच प्रांत असलेल्या ब्रह्मदेशात गेला. १९२७ मध्ये तो रजेवर इंग्लंडला आला आणि रजा संपायच्या आतच नोकरी सोडून मोकळा झाला. जॉर्ज ऑर्वेल म्हणून आपण त्याला ओळखतो. मनात वीट आलेला तो एकटाच असेल, असे मला वाटत नाही. पण दहा-पंधरा वर्षे झालेल्या माणसाला पेन्शन सोडून जाणे जड जाते. मग तो नको असलेल्या कामात आणखी कडक होतो, आणि त्याचा जाच कुठल्यातरी चावडीवर बसलेल्या माणसाला होतो.

खालच्या बाजूला शिपाई होता. फ्रेझर आयोगाने शिपायाचा पगार महिना ८ रुपयांपेक्षा कमी नसावा, असे सुचवले आणि नव्या सहायक अधीक्षकासाठी ३०० रुपये. लाठी चालवायला पुढे हाच शिपाई, आणि गावाचा तळतळाटही त्यालाच. त्याच्या मुलाच्या शाळेचा, आजारपणाचा विचार करायला लंडनहून कोणताही आयोग आला नाही.

१९४७ मध्ये जाणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना नुकसानभरपाई ब्रिटिश सरकारने दिली, पेन्शने मात्र भारताच्या माथी आली. भारतमंत्र्यांच्या नेमणुकीचे जे अधिकारी इथेच राहिले, त्यांच्या जुन्या अटींना संविधानाच्या ३१४ व्या अनुच्छेदाने संरक्षण दिले. संविधान सभेत यावर सभासद संतापले, तेव्हा दिलेला शब्द पाळलाच पाहिजे म्हणून वल्लभभाई पटेल ठाम उभे राहिले. मला त्यांची भूमिका योग्य वाटते, कारण राज्य बदलले म्हणून करार मोडणारे सरकार उद्या कुणाचाच करार पाळणार नाही. तो अनुच्छेद १९७२ मध्ये, अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने गेला.

अधीक्षकासाठी लिहिलेली कलमे अशी एकेक करून निकालात निघाली. शिपायाचे कलम राहिले. पोलीस सदैव कामावर आहे असे मानावे, ही १८६१ च्या पोलीस कायद्यातली तरतूद १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात २८ व्या कलमाने पुन्हा आली. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईचे शिपाई रस्त्यावर उतरले तेव्हा सैन्य बोलवावे लागले. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात सुरू व्हायला २०१६ साल उजाडले. २८ वे कलम अजून तसेच आहे, आणि ते बदलण्याची मागणी आता शिपायांनी एकट्याने करावी असे मला वाटत नाही. ती आपण, कर भरणाऱ्यांनी, करायला हवी.