पान पिवळं पडेपर्यंत

पावसाची झड लागली की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-तोरणमाळच्या उतारांवर सफेद मुसळीची पानं वर येतात. मग पांढऱ्या फुलांचा तुरा, बोंडं, आणि पावसाळा सरता सरता पान पिवळं पडून मातीला मिळतं. पुढच्या पावसापर्यंत जमिनीवर तिची खूणही उरत नाही. पूर्वी ती लिली कुलातली मानत, आता शतावरीच्या कुलात धरतात. सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये तिची नवी जात म्हणून नोंद केली ती बोरिवलीच्या जंगलातून, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे.

भाजीसाठी पानं खुडली तर झाड जगतं. बाजाराला मात्र मुळं हवीत. ती पक्व होतात पान वाळल्यावर, आणि नेमकी तेव्हाच ती शोधायची कशावरून हे कळत नाही. म्हणून हिरवी असतानाच खणतात: मूळ कोवळं, बी अजून पडलेलं नाही. पडलेल्या बियांतूनही थोड्याच रुजतात.

हा खणणाऱ्याचा हावरटपणा, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आज सोडलेली मुसळी उद्या दुसरा कुणी नेणार, हे ठाऊक असताना थांबेल कोण? नंदुरबारचा शेतकरी मिरची झाडावर लाल होऊ देतो, कारण शेत त्याचं आणि तोडाही त्याचाच. डोंगरावरच्या माणसाला ही खात्री कुणी दिली नाही. रोजच्या मिठा-तेलाची गरज असलेल्या घराला ‘जरा दम धरा’ सांगणं सोपं असतं.

२००६ चा वनहक्क कायदा औषधी वनस्पती, मुळं, कंद यांना गौण वनोपज म्हणतो, त्यावर जंगलात राहणाऱ्यांना मालकी देतो आणि सामूहिक वन राखण्याचा अधिकारही. मुसळीच्या दृष्टीने मला हे बंदीपेक्षा मोलाचं वाटतं. जंगल ज्या ग्रामसभेच्या हाती आहे, ती खणायचा दिवस ठरवू शकते. पानं हिरवी असताना जागेवर काठी रोवून ठेवता येते, म्हणजे पान वाळल्यावरही झाड सापडतं. खणताना डोळा असलेला गड्डा दोन-चार मुळांसह पुन्हा मातीत दाबता येतो.

राहिला व्यापारी. कोवळा माल विकणार नाही, हे त्याला एकट्यादुकट्याने सांगून भागत नाही. तो शेजारच्या पाड्यावर जातो. तिथेही त्याला तेच उत्तर मिळायला हवं.