आपोआप म्हणे!

थांब, पुढची स्लाइड लावू नकोस. काय लिहिलंयस हे? ‘प्रबळ क्षेत्रात निर्वातातून कण आपोआप निर्माण होतात.’ आपोआप? इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या एका जोडीला किमान १.०२२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ते कोणाच्या खिशातून जातात? विद्युतक्षेत्राच्या! जोडी निघाली की क्षेत्र तेवढं झिजतं. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला हे मी सांगायचं?

श्विंगरची मर्यादा पाठ केलीस, मीटरला १.३ गुणिले दहाचा अठरावा घात व्होल्ट. आली कुठून, विचारलं तर छताकडे बघतोस. कॉम्प्टन तरंगलांबीला दोन पायनं भाग. तेवढ्याशा अंतरात क्षेत्रानं इलेक्ट्रॉनवर त्याच्या स्थिर ऊर्जेइतकं कार्य केलं पाहिजे. एका ओळीचं गणित आहे, पण पेन उचलायचा कंटाळा! आणि सगळं श्रेय १९५१च्या श्विंगरला. साउटरनं १९३१मध्ये आणि हायझेनबर्ग-ऑयलरनी १९३६मध्ये काय केलं, ते वाचायला ग्रंथालयाची पायरी चढावी लागते.

आता या दिव्याकडे बघ: ‘सध्याच्या लेसरनं थोड्या तरी जोड्या मिळतील.’ थोड्या! दर चौरस सेंटिमीटरला दहाचा तेविसावा घात वॅट हा विक्रम, आणि हवेत एकोणतिसाव्या घाताच्या घरात. म्हणजे क्षेत्र हजारपटीहून कमी. ते घातांकात घाल: ई चा उणे पाय गुणिले हजार. दशांशचिन्हापुढे तेराशेच्या वर शून्यं येतात, मोजत बस रात्रभर. त्यातून तो लेसर एकच सपाट तरंग असेल, तर कितीही प्रखर करा, एकही जोडी निघत नाही.

वर हे सूत्र टेलर श्रेणीत उलगडायला निघालास! क्षेत्र शून्याकडे जाताना त्याचं प्रत्येक डेरिव्हेटिव्ह शून्य होतं. पदं मिळवत आयुष्य घालवलंस तरी उत्तर शून्यच. टनेलिंग आहे ते, बाळ, टनेलिंग.

आणि स्लॅकचा प्रयोग पुरावा म्हणून चिकटवलास. १९९७मध्ये शंभरेक पॉझिट्रॉन दिसले, खरं आहे. पण तिथं ४६.६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन लेसरवर आदळले, त्यातून गॅमा फोटॉन निघाला, आणि त्यानं लेसरचे अनेक फोटॉन एकदम गिळून जोडी दिली. ती बहुफोटॉन ब्राइट-व्हीलर प्रक्रिया. स्थिर क्षेत्रातली श्विंगरची जोडी प्रयोगशाळेत अजून कोणी पाहिलेली नाही.

बस खाली. गुरुवारी पुन्हा उभा राहशील. स्लाइड नकोत, खडू घेऊन ये.