पोटशूळाचा ब्राह्मण आणि आमचा अण्णा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मी काही शास्त्री-पंडित नव्हे. शिक्षण बी.कॉम., नोकरी बँकेत कारकुनाची, चौतीस वर्षे. खातेवह्या जुळवण्यात जन्म गेला. तेव्हा माझ्या लिहिण्यात शास्त्राधार कमी आणि जमाखर्च जास्त दिसला, तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आरतीनंतर मंदिराच्या ओट्यावर आम्हा म्हाताऱ्यांमध्ये वाद झाला. विषय इच्छामरणाचा. बरा न होणारा आजार, अंथरुणाला खिळलेला देह, अशा माणसाने सुटका मागितली तर ती द्यावी की नाही? एकजण म्हणाले, "भोग भोगूनच संपवावे लागतात." दुसरे म्हणाले, "कुत्र्या-मांजराचेही असे हाल आपल्याला बघवत नाहीत." मी त्या दिवशी गप्प बसलो होतो. बोललो असतो तर अण्णाबद्दल बोलावं लागलं असतं. ते आज बोलतो.

आपण सप्ताह वाचतो, त्यात दुसऱ्या दिवशी गुरुचरित्राचा तेरावा अध्याय येतो. वासरब्रह्मेश्वरी, गोदावरीच्या काठी श्री नृसिंह सरस्वती स्वामी महाराज असताना एक ब्राह्मण पोटाला दगड बांधून नदीत जीव द्यायला येतो. त्याला पोटशूळ. अन्न पोटात गेलं की असह्य वेदना, म्हणून पंधरा दिवसांनी, महिन्याने कधीतरी जेवायचा. अन्नच त्याचा वैरी झालेलं. महाराज शिष्यांना पाठवून त्याला बोलावून घेतात, आत्महत्या हा मोठा दोष आहे असं बजावतात. हा अध्याय मी तीसेक वेळा तरी वाचला असेन. दरवेळी माझं बोट त्या एका वाक्यावर थांबायचं. आत्महत्या दोष. संपलं.

आमच्या अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, २०२३ च्या गणपतीत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. पसरलेला. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दिवाळीपर्यंत पोटातून पाठीत जाणारी कळ अशी यायची, की अण्णा उशी पोटाशी धरून रात्रभर पुढे वाकून बसायचा. घासभर भात गेला की कळ. माणूस निम्मा झाला.

एका रात्री मला म्हणाला, "बाळू, नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायदा आहे. डॉक्टर सोडवतो माणसाला. आपल्याकडे का नाही? तू त्या डॉक्टरांशी बोल. एक इंजेक्शन. आयुष्यभर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

मी काय केलं? उठलो, पोथी आणली, तेरावा अध्याय काढला आणि त्याला वाचून दाखवला. जीव देणं पाप आहे अण्णा, असं म्हणालो. अण्णाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुढे वाच की. त्या ब्राह्मणाला गुरूंनी नुसतं पाप सांगून परत पाठवलं का? जेवायला घातलं. तू मला काय देतोस?"

मंडळी, त्याचं खरं होतं. ब्राह्मण स्वतःच आपल्या पापांचा पाढा वाचतो, पण महाराज त्याला भोग भोगत बस म्हणत नाहीत. माझ्याकडे औषध आहे, भिऊ नकोस म्हणतात. तेवढ्यात सायंदेव येतात, आणि महाराज त्यांना सांगतात, याला घरी नेऊन जेवायला घाला. सायंदेव घाबरतात. याला अन्न बाधतं, जेवून हा मेला तर हत्या माझ्या माथी! आणि महाराज काय घालायला सांगतात, तर अपूप, उडीद आणि दूध. पोट दुखणाऱ्याला उडीद! पण सायंदेव आज्ञा मानतात, आणि ब्राह्मण पोटभर जेवून बरा होतो.

आता माझी कबुली. अण्णाच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वीच मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. मीच त्या आणल्या नव्हत्या. अफूचं औषध, सवय लागेल, श्वास थांबेल, उद्या काही झालं तर लोक म्हणतील भावानेच संपवला. वहिनींना मी सांगितलं की मिळत नाहीत. ज्याचे चार-सहा महिने उरलेत, त्याला सवय लागेल याची मला काळजी! सायंदेवांची भीती माझ्यात पुरती होती, त्यांचा विश्वास मात्र नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी घेऊन गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावलं, की वेदना असलेल्या माणसाला मोजून दिलेलं मॉर्फिन हे औषध आहे, चार-चार तासांनी घड्याळ लावून द्यायचं, कळ येण्याची वाट बघायची नाही. पोट साफ होण्याचं औषध सोबत द्यायचं. अन्न पचायला जेवणाबरोबर वेगळ्या कॅप्सूल. मी बँकेतल्यासारखी वही आखली: वेळ, गोळी, कळ किती. चौथ्या रात्री अण्णा आडवा झोपला. महिन्याभरात पहिल्यांदा.

या उपचाराला उपशामक उपचार म्हणतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून हेच काम करतं. अशा संस्था आपल्या भागात बोटावर मोजण्याइतक्या. इच्छामरणाचा वाद करणाऱ्यांनी, दोन्ही बाजूंच्या, आधी याचा विचार करावा असं मला वाटतं. ज्याची कळ कुणी थांबवलीच नाही, त्याची मरणाची मागणी ही त्याची खरी इच्छा म्हणायची की नुसती किंकाळी?

पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही, हेही खरं.

अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असतील. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला करून साखळीने गळा आवळला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि त्या बेचाळीस वर्षे तशाच पडून होत्या. पिंकी विराणी यांनी त्यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ ला तो फेटाळला गेला, कारण ज्या परिचारिका त्यांना रोज भरवत, पुसत होत्या त्यांना त्या हव्या होत्या. इतक्या वर्षांत अंगावर शय्याव्रण नाही, ही केवढी सेवा! १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्या गेल्या. परिचारिकांपुढे मी हात जोडतो. तरीही मनात येतं, अरुणाताईंना काय हवं होतं? ते सांगण्याची सोयच उरली नव्हती.

ती सोय पुढे झाली. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्याच हक्काचा भाग मानला, आणि शुद्धीवर असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्याला मान्यता दिली. त्याची पद्धत फार किचकट होती, ती जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आली की डॉक्टरांची एक समिती तपासते, मग दुसरी. दोन्हींचं एकमत झालं तर यंत्रं काढता येतात. इंजेक्शन देऊन मारणं मात्र आजही गुन्हाच आहे.

ओट्यावर कुणी सावरकरांचं १९६६ चं आणि विनोबांचं १९८२ चं उदाहरण देतं. दोघांनी अन्न सोडून देह ठेवला. थोर माणसं होती, पण त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात मागितला नव्हता. अण्णाने माझा मागितला होता. हा फरक मला मोठा वाटतो. देणारा हात पुढे जगायचा असतो. आणि एकदा असा कायदा झाला, की जागेच्या भावापायी म्हातारा नकोसा झालेल्या घरांत काय होईल, हे काउंटरवर बसून नॉमिनेशनची भांडणं पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

अण्णाने कागद केला. व्हेंटिलेटर नको, छाती दाबणं नको, कळ थांबवायचं औषध शेवटपर्यंत हवं. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत, म्हणून बँकेतल्या माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांना घेऊन आलो. सह्या झाल्यावर अण्णा म्हणाला, "आता वडे कर गं." वहिनींनी उडदाचे वडे केले. दुधात बुडवून अर्धा वडा खाल्ला त्याने. मी घड्याळाकडे बघत बसलो. एक तास, दोन तास. कळ आली नाही.

माघात शुद्ध हरपत चालली. एका रात्री घाबरून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, तिथे तरुण डॉक्टर नळी घालायला निघाले. मी कागद पुढे केला. हात थरथरत होता. ती सही माझी नव्हती, तरी मला माझीच वाटत होती. त्यांनी वाचलं, वरिष्ठांना फोन केला, आणि आम्ही अण्णाला घरी आणलं. तिसऱ्या दिवशी पहाटे, काकडआरतीच्या सुमारास तो गेला. वहिनी पायाशी होत्या, मी उशाशी.

इंजेक्शन नाकारलं ते बरोबर केलं, असं मला आजही वाटतं. पण अण्णाची कळ गोळ्यांना दाद देणारी निघाली. ज्याची दाद देत नाही, त्याच्या भावाला काय सांगावं, याचा हिशेब माझ्या वहीत जुळत नाही. ते तीन आठवडे मात्र माझ्या नावे पडले आहेत. ते कुठल्याच पारायणाने खोडले जायचे नाहीत, आणि खोडले जावेत अशी प्रार्थनाही मी करत नाही.

माझा स्वतःचा कागद लिहून कपाटात ठेवला आहे. सौ. तो वाचायला तयार नाही. म्हणते, सप्ताह होऊ दे, मग बघू.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥