भरपाई आणि परतफेड

कुणाची वस्तू आपल्या हातून मोडली तर ती भरून द्यावी, हे आम्ही लहानपणीच शिकलो. शेजारच्या खालांची लोणच्याची बरणी आमच्या हातून फुटली, तेव्हा अम्मीने दुसऱ्याच दिवशी बाजारातून तेवढीच नवी बरणी आणून त्यांच्या हवाली केली. खालांनी ती घेतली, दुवाही दिली, पण म्हणाल्या, "बरणी आली गं, पण तिच्यात तीस वर्षं लोणचं मुरलं होतं." त्या वेळी आम्हाला ही उगाचची कुरकुर वाटली. कॅनडातल्या खाणींविषयी वाचताना ते वाक्य आम्हाला पुन्हा आठवले, आणि या वेळी ते कुरकुरीसारखे वाटले नाही.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या अंगाने सूचिपर्णी जंगल आणि दलदल मैलोगणती पसरलेली आहे. तिच्याखालच्या वाळूत डांबरासारखे घट्ट तेल मिसळलेले आहे. १९६७ पासून ते मोठ्या प्रमाणावर उपसले जाते. जिथे ते वरच्या थरात आहे तिथे आधी जंगल तोडतात, दलदलीचे पाणी चर खणून काढून देतात, मग वरची काळी माती सोलून बाजूला करतात आणि खालची वाळू खणून गरम पाण्याने धुतात. तेल निघते; खारट, विषारी गाळाचे तलाव मागे उरतात.

त्या काळ्या मातीला पीट म्हणतात. आपल्याकडे रोपवाटिकेत मिळते ते कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याचा याच्याशी नावापुरताच संबंध. खरे पीट म्हणजे शेवाळ आणि पाणगवत. ते मरते, पण थंड, साचलेल्या पाण्यात हवा नसल्याने पुरते कुजत नाही, आणि थरावर थर चढत जातात. वर्षाला फार तर एक मिलिमीटर. दोन मीटर पीट म्हणजे निदान दोन हजार वर्षांची बचत. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भाग अशा दलदलींचा आहे, पण जगातल्या साऱ्या जंगलांच्या झाडांत मिळून नसेल इतका कार्बन त्यांच्या पोटात आहे.

अल्बर्टाचा कायदा खाणवाल्यांना जमीन तशीच सोडून जाऊ देत नाही. ती पूर्ववत करावी लागते. मात्र पूर्ववत म्हणजे काय, हे कायद्याने बेताने सांगितले आहे: जमिनीची क्षमता पूर्वीच्या तोडीची असावी, ती हुबेहूब पूर्वीसारखी असण्याची गरज नाही. आमचे सारे बोलणे या 'तोडीची' या शब्दावर अडते. अमानत हा शब्द मराठीत येता येता अनामत झाला. अनामत म्हणून ठेवलेले शंभर रुपये कोणत्याही शंभराच्या नोटेने फिटतात. अमानत म्हणून सोपवलेली वस्तू मात्र तीच परत करावी लागते. दलदल यांतली कोणती?

२००८ साली तिथल्या एका टेकडीला पुनर्स्थापनेचे पहिले प्रमाणपत्र मिळाले. क्षेत्र १०४ हेक्टर. खाणीवरून काढलेल्या मातीचा तो ढीग. त्यावर झाडे लावली, ती वाढली. काम खोटे नव्हते. पण चाळीस वर्षांच्या खाणकामानंतर हातात आली ती एक टेकडी, आणि ढिगावर जंगल उगवणे दलदल उभी करण्यापेक्षा कितीतरी सोपे. २०१२ मध्ये रेबेका रूनी, सुझॅन बेली आणि डेव्हिड शिंडलर यांनी मंजूर खाणींचे आराखडे तपासले. कबूल केल्याप्रमाणे सारे पार पडले तरी नंतरच्या भूमीत पीटची दलदल ६५ टक्क्यांहून अधिक घटलेली असेल, आणि साठलेल्या कार्बनपैकी १ कोटी १४ लाख ते ४ कोटी ७३ लाख टन सुटून जाईल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे वचन पाळूनही एवढी तूट.

इथवर आल्यावर मनात सहज येते की पुनर्स्थापना हे ढोंगच आहे. रॉबर्ट एलियट या तत्त्वज्ञाने १९८२ मध्ये जवळपास असेच मांडले होते: पुन्हा घडवलेला निसर्ग म्हणजे चित्राची नक्कल, कितीही हुबेहूब असली तरी मूळ चित्राची किंमत तिला येत नाही. आम्हाला हे अर्धेच पटते. नक्कल करणाऱ्याला फसवायचे असते. गुडघाभर चिखलात उभे राहून शेवाळ पसरणाऱ्या माणसाला तसे काही करायचे नसते. क्वेबेक प्रांतात बागकामासाठी पीट खणून उजाड झालेल्या एका दलदलीवर १९९९ मध्ये संशोधकांनी चर बुजवले, जवळच्या जिवंत दलदलीवरून वरवरचे शेवाळ आणून पसरले आणि ते वाळू नये म्हणून वर पेंढा घातला. सुमारे चौदा वर्षांनी ती दलदल पुन्हा हवेतला कार्बन ओढून घेताना आढळली. यात ढोंग कुठे आहे? पण तिथे खाली जुने पीट शिल्लक होते. बरणीला तडा गेला होता, तळ शाबूत होता. अल्बर्टाच्या खाणीत तळच उरत नाही.

आणखी एक भीती आम्हाला वाटते. 'मोडलेले कधीच जुळत नाही' असे आम्ही फार जोरात म्हणू लागलो, तर सर्वांत आधी मान डोलावेल तो मोडणाराच. जुळत नाही ना, मग खर्च कशाला? म्हणून भरपाईचे कर्ज माफ करता येत नाही. ज्या क्री आणि डेने लोकांच्या शिकारीच्या आणि बोरे वेचण्याच्या वाटा या जमिनीवरून जात होत्या, त्यांना तर कुणी माफ करायला सांगूच नये. आमची हरकत वेगळीच आहे. भरपाईचे वचन मोडण्याआधीच दिले जाते, आणि त्याच वचनावर मोडण्याची परवानगी मिळते. अम्मीने नवी बरणी आणली ती जुनी फुटल्यावर, खाली मान घालून. आधीच नवी बरणी दाखवून 'आता तुमची फोडू का?' असे तिने विचारले असते, तर खालांनी तिला दारात उभे केले नसते.

शाळेच्या रिक्षात पेट्रोल घालणारे आम्ही हे लिहितो आहोत, हे आम्हाला ठाऊक आहे.

फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला २०१३ मध्ये खाणीच्या जागेवर एक पूर्ण दलदल बांधून काढण्यात आली. सुमारे तीन हेक्टर. चढावर वाळूचा थर रचला, त्यातून झिरपणारे पाणी खोलगटात पोहोचेल अशी सोय केली आणि तिथे दोन मीटर जाडीचे पीट अंथरले. तिचे नाव निकानोटी. क्री भाषेत त्याचा अर्थ भविष्य. तिथे पाणगवत जोमाने वाढले आहे, कार्बनही साठतो आहे. वाळूतला खार पाण्याबरोबर हळूहळू खाली येतो, त्यावर संशोधकांची नजर आहे. अंथरलेले ते दोन मीटर पीट जवळच्याच दुसऱ्या एका जुन्या दलदलीतून आणले होते. तिथेही खाण निघणार होती, म्हणून तिचे पाणी आधीच काढून टाकलेले होते.